कॉकवरची लाल टिकली

९ सप्टेंबर, मंगळवार

आज आईने अंबाडा डाव्या हाताने घातला. उजवा हात कानाच्या वर गेलाच नाही. मी पाहतेय हे तिच्या लक्षात आलं. म्हणाली, "बघायली काय? केसच हायेत."

कंपनीत दिवसभर लक्ष तिच्याकडेच. माझं तपासणीचं टेबल आणि तिचं ड्रिल मशीन यांच्यामध्ये फक्त सलीमभाईंचं लेथ. बिजागरीची पट्टी ठेवायची, हँडल खाली ओढायचं, भोक पडलं की सोडायचं, पट्टी सरकवायची, परत ओढायचं. साडीवर बाबांचा जुना शर्ट घालते, त्याची उजवी बाही खांद्यावर विरलीय. डावी शाबूत. डिप्लोमा संपवून इथे लागल्यापासून मी रोज समोर बसते, आज दिसलं.

१२ सप्टेंबर

दवाखाना. डॉक्टर म्हणाले, ओढायचं काम बंद, नाहीतर खांदा पुरता धरेल. आईने मान हलवली. बाहेर आल्यावर म्हणाली, "शेठला सांगू नगंस."

सांगितलं. हात मध्येच आखडला आणि ड्रिलच्या फिरत्या बिटाखाली गेला तर, हेच सारखं डोळ्यांसमोर. शेठ चांगल्या मनानेच म्हणाले, "कांताबाईंना पॅकिंगला बसवू. बसून काम. ड्रिलला दुसरं कोणी बघू."

आई जेवली नाही. "बसून काम," एवढंच म्हणाली. थोड्या वेळाने परत तेच.

पाथर्डीकडून ऊसतोडीला जाणारी माणसं आम्ही. तोड सुटली ती आई इथे झाडू मारायला आली म्हणून, आणि झाडू सुटला तो या हँडलमुळे. मशीनवर उभी राहणारी बाई इथे एकच. घरात शाळेत गेलेली पहिली मी, आणि तिथवर मला या हँडलनेच नेलं.

शेठकडे दिवाळीपर्यंतची मुदत मागितली. "कशाला?" म्हणाले. म्हटलं, "बघते." काय बघणार, ते मलाही माहीत नव्हतं.

१५ सप्टेंबर

जेवणाच्या सुट्टीत ड्रिलची बाजूची झाकणी उघडली. कॉलेजात हेच चित्र परीक्षेपुरतं काढलं होतं, नीट पाहिलं नव्हतंच. हँडल फिरलं की छोटं दातेरी चाक फिरतं, ते दातेरी दांडी खाली नेतं, दांडीबरोबर भोक पाडणारं बिटही खाली जातं. सोडलं की स्प्रिंग वर ओढते. बस एवढंच. एवढ्याने एका माणसाचा खांदा जातो.

मग वाटलं, चाकाला काय कळतंय फिरवणारा हात आहे की पाय.

२० सप्टेंबर

भिंगारच्या जुन्या बाजारात भंगारवाल्याकडे शिलाई मशीनचं पायडल मिळालं, सायकलची चेन आणि मागचं दातेरी चाकही. भंगारवाला विचारत होता, सासरी न्यायचंय का. सलीमभाईंनी हँडलच्या जागी ते चाक बसवून दिलं. पायडल दाबलं की चेन ओढली जाते, बिट खाली येतं.

स.भाई: "दिपाली बेटा, हे ड्रिल हाय का शिलाई मशीन? माझ्या पायजम्याला एक टीप मारून दे."

पॅकिंगच्या मंदामावशी लगेच: "कांते, पाय मारून मारून एक दिवस नाचत सुटशील."

आई पायडल दाबते आणि उजवा हात हवेतच हँडल शोधतो. हसू आलं, नि मग नाही आलं.

२४ सप्टेंबर

बिटं तुटतायत. परवा, काल, आज सकाळी दोनदा. तुकडा उडून आईच्या चष्म्याला लागला. (चष्मा मी हट्टाने घालायला लावला होता. नसता तर.)

कारण सापडलं, उपाय नाही. पट्टीत शिरताना लोखंड बिटाला अडवतं. खालून बाहेर पडायच्या क्षणी अडवणारं कुणी उरत नाही आणि बिट स्क्रूसारखं स्वतःच खाली खेचलं जातं. हाताला ते आधी कळतं आणि हात आवरतो. पायाला कळेपर्यंत बिट गेलेलं असतं.

आईला विचारलं, हाताला कसं कळायचं? "आवाज बदलतो, मंग हात हलका सोडायचा. पायानं बी यील, सवं हुईल." पण तोवर चष्म्यावर किती तुकडे.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

सगळी मशीनं पुसून, फुलं वाहून बंद. चेनचा ताण बघायला हात घातला तर आईने चापट मारली. "आज तिला हात लावायचा न्हाई."

तिने ड्रिलला हळदकुंकू लावलं. पायडललाही लावलं. मग स्वतःच थबकली. "आता ह्याच्यावर पाय कसा देऊ गं?"

स.भाई म्हणाले, "चप्पल काढून द्या." मंदामावशी म्हणाल्या, "मोजा घाल." दोन्हींवर आईने खरोखरच विचार केला.

३ ऑक्टोबर

आईने पदराने पायडलवरचं कुंकू पुसून कपाळाला लावलं, पायडलला हात लावून नमस्कार केला, मग पाय ठेवला. आता रोज नमस्कार करूनच पाय ठेवीन म्हणते. बिट मात्र दुपारी तुटलंच.

१७ ऑक्टोबर

घरी फराळ. सोऱ्या मी फिरवत होते, आईला फिरवता येत नाही. चकलीची चकती होती तेव्हा पीठ भराभर आलं. शेवेची बारीक चकती घातली तर कितीही जोर लावा, शेव आपल्याच गतीने येते. मी जोर केला. शेव तश्शीच. आणखी जोर. तश्शीच.

हात थांबला.

आई: "दिपे, त्याल तापलंय."

जोर पायाचा असू दे, गती भोकाची. तेल भरलेल्या पाइपात एक दट्ट्या, तो बिटाबरोबर खाली जाणार. तेलाला बाहेर पडायला वाट अगदी बारीक. बिटाने खाली उडी मारायची म्हटली तरी तेल मारू देणार नाही.

शेव थोडी करपली. आईने करपलेली वेगळी काढून "ही इंजिनेराची" म्हणून डब्यावर झाकण लावलं.

२८ ऑक्टोबर

शेठना चित्र काढून दाखवलं. सोऱ्याचं सांगू का नको असं झालं होतं, सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांच्या घरीही सोऱ्या त्यांनाच फिरवावा लागतो म्हणे. संक्रांतीपर्यंत मुदत वाढवली. "पण बिट उडून कुणाला लागलं तर त्याच दिवशी बंद." बरोबर आहे. मीही हेच म्हटलं असतं.

तोवर आई हळूहळू दाबते. काम मागे पडतंय. मंदामावशींचे टोमणे पुढे.

११ नोव्हेंबर

झालं. लिहिताना अजून खरं वाटत नाही.

पाइप ड्रिलच्या डोक्याला उभा बसवला. आतला दट्ट्या स.भाईंनी लेथवर केला, दोनदा फेकून तिसरा ठेवला. तळातून एक बारीक नळी बाहेर येते नि वरच्या वाटीत जाते. वाटी स्टीलची, आमच्याच घरातली, वर झाकण. नळीवर कूलरचा छोटा पितळी कॉक, तोटीसारखा. कॉक आवळला की बिट सावकाश, सैल केला की भरभर. परत वर जाताना तेल मोकळं यावं म्हणून दट्ट्यात सायकलचा छर्रा, तो तेव्हाच वाट उघडतो.

आईने पायडल दाबलं. बिट शिरलं, गेलं, पट्टीच्या खालून बाहेर पडलं. उडी नाही. आवाजही बदलला नाही फारसा. आईने पाय काढला आणि पट्टी उचलून भोकातून माझ्याकडे पाहिलं.

स.भाई: "मेलं नाही आज एकपण?" (बिट.)

नाही.

१९ नोव्हेंबर

नळीच्या जोडापाशी थेंब. पुसला. सध्या चालेल असं वाटतं. वाटणं म्हणजे काय, उद्या पाना लावून बघते.

२२ नोव्हेंबर

जोड आवळला. जेवणाच्या सुट्टीत झाकण काढून वाटीतली पातळी बघते, बरोबर आहे. रोज बघते. आई म्हणते, "किती येळा बघशील? त्याला बी लाज वाटत आसंल."

८ डिसेंबर

सकाळी पायडल दबेना. आईने दोन्ही पाय दिले, तरी बिट उतरेना. मला वाटलं दट्ट्या अडकला. दहाच्या सुमारास आपोआप हलकं. दुपारी एकदम नीट.

९ डिसेंबर

तेच. सकाळी जड, दुपारी हलकं.

माझे संशय: थंडीने पाइप आकसला. दट्ट्या जास्त घट्ट बसलाय. चेनला गंज. आईच्या पायाला रग. मी काहीतरी मुळातच चुकीचं धरलंय आणि ते आत्ता कळतंय. (शेवटचा संशय सकाळी उठल्यापासून.)

१० डिसेंबर

पाइप नि दट्ट्या गार असताना मोजले. फट आहे, आकसणं हे कारण नाही. गोणपाट गुंडाळून पाहिलं, फरक नाही. मग स.भाईंचा टेबलावरचा बल्ब पाइपाजवळ लावून ठेवला. बिट सुरळीत उतरलं. म्हणजे तेलच. पण आम्ही घातलेलं मशीनचं तेल नगरच्या थंडीला दाद देणारं नाही, डब्यावरच लिहिलंय. कसं काय?

गंमत वाटतेय, भीतीही. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं हे नवीन.

शेठ जाताजाता म्हणाले, "दिपाली, बिट आता तुटत नाही, पण भोक पण पडत नाही." सगळे हसले. आईसुद्धा हसली, पण माझ्याकडे न बघता.

१२ डिसेंबर

सकाळी डोकं विंचरायला बसले. खोबरेल तेलाची बाटली आईने उन्हात पायरीवर ठेवलेली. तेल पांढरं, घट्ट. दर थंडीत ठेवते. मी बाटलीकडे बघत बसले. आई म्हणाली, "इतकं काय बघतीस?" आणि मग पटकन बाटली उचलून आत नेली.

कंपनीत पोचल्याबरोबर वाटीचं झाकण काढलं. आजवर नेहमी दुपारी काढलं होतं. आत पांढरं, तुपासारखं. वासही ओळखीचा, आमच्याच केसांचा.

"कितीदा घातलंस?"

"आवळल्यावर बी गळत हुतं. घरचंच त्याल घातलं. पायावर पडलं तरी खाजत न्हाई."

"मला सांगायचं ना."

"तुला सांगितलं की तू जेवत न्हाईस. जोड गळतोय म्हनलं तवा दोन दिस नुसतं पानी पीत हुतीस. रोज दुपारी झाकन काढून बघायचीस, म्हून त्याच्या आधी भरून ठिवायचे."

म्हणजे रोज जी पातळी बरोबर असायची, ती मला बरोबर दिसावी म्हणून.

स.भाईंना कळलं. दिवसभर "ड्रिलला चंपी केली का?" चाललं होतं. मंदामावशी म्हणाल्या, "तरीच त्या ड्रिलचं डोकं थंड असतंय."

मी हसले. मग टेबलाशी येऊन एकच पट्टी तीनदा तपासली.

१५ डिसेंबर

पाइप गरम पाण्याने धुतला. नळीचा जोड नवा, चांगला. मशीनचं तेल. आईने माझ्यासमोर हात वर करून सांगितलं, आता गळलं तर सांगीन. उजवा हात कानाच्या वर गेला होता. दोघींना एकदमच कळलं.

३० डिसेंबर

गळत नाही. तुटत नाही. सकाळी थोडं जड लागतं, पण चालतं.

कॉकवर आईने टिकल्या लावल्यात. मूठ कुठवर फिरवायची त्याची खूण. लोखंडाच्या पट्टीला लाल, पितळेच्या पट्टीला हिरवी. तेलाचा हात लागला की पडतात. सकाळी पहिली पट्टी मारून बघते, मूठ जराशी इकडेतिकडे करते, मग पाकिटातून नवी काढून लावते. कपाळालाही त्याच पाकिटातली.

९ जानेवारी, शुक्रवार

शेठ बराच वेळ ड्रिलपाशी उभे होते. मग मंदामावशींना बोलावलं. "या, तुम्ही मारा एक." मावशी म्हणाल्या, "मी? मला खोकी चिकटवता येतात." पण मारली. लाल टिकलीपर्यंत मूठ, पायडल, भोक. सरळ, स्वच्छ. मी भोक मोजायचं गेज लावून पाहिलं, बरोबर होतं. तसं सांगितलंही. का सांगितलं? विचारलं म्हणून. खरं होतं म्हणून.

शेठ इतके खूश की माझ्या पाठीवर थाप मारायला हात उचलला नि मग अवघडून टेबलावरच मारली. "आता कुणीही चालवेल. शाब्बास. बाकीच्या दोन ड्रिलला पण हेच करू. टिकली काय लावताय, ती पडते. कॉकवर पंच ठोकून पक्क्या खुणा मार, दिपाली. आणि कांताबाई, झालं की नाही तुमचं काम? तुम्हाला आता निवांत पॅकिंग. नवीन मुलगी घेतोय ड्रिलला."

यात एकही शब्द वाईट नाही. मी परत परत आठवून पाहिलं.

आई म्हणाली, "बरं."

१० जानेवारी

घरी भाकरी करताना, पाठमोरी:

"आधी हाताचं काम पायाला दिलंस. मंग पायाचं कॉकला. आता मी कशाला ऱ्हाते तिथं?"

रागावून नाही. खरंच विचारत होती. परातीतलं पीठ मळलेलंच होतं, तरी मी परत मळत बसले.

खांदा वाचावा म्हणून केलं. खांदा वाचला. ज्याच्यासाठी वाचवायचा होता तेच गेलं.

११ जानेवारी

मी शेठना काय सांगू शकते:

आईशिवाय चालणार नाही. हे खोटं आहे. मंदामावशींनी चालवून दाखवलं.

खुणा मारणार नाही. का, हे सांगता येत नाही.

आईला विचारलं, तू बोल ना शेठशी. "तू इंजिनेर. तू बोल." नंतर: "आन् खोटं नगं बोलूस. तुला न्हाई जमत, नाक लाल हुतं."

१४ जानेवारी, संक्रांत

शेठनी तिळगूळ वाटला. "सोमवारी खुणा होतील ना?" म्हटलं, हो.

दुपारभर एक गोष्ट डोक्यात. सकाळी आई मूठ जराशी इकडे घेते ना, ती का?

१६ जानेवारी

शोधलं. टिकली सकाळी नि दुपारी एकाच जागी नसते. आई सकाळी मूठ जरा सैल ठेवते, ऊन चढलं की आवळते. मशीनचं तेल गोठत नाही, पण थंडीत थोडं दाट होतंच. दोन खुणांमध्ये बोटभर अंतर. दुपारची खूण सकाळी धरली तर वेळ लागतो, एवढंच. सकाळची खूण दुपारी धरली तर बिट तुटतं. मी मुद्दाम एक तोडून पाहिलं. (चष्मा होता.) लोखंडाचा लॉट बदलला तरी खूण सरकते.

म्हणजे एक पक्की खूण मारणं चूक आहे. माझ्या तपासणीत ते बसत नाही. हे खरं आहे.

पण हेही खरं आहे की पातळ तेल घातलं तर हे अंतर कमी होईल. शेठना ते माहीत नाही. मला माहीत आहे.

पहिलं खरं मी सांगणार, दुसरं सांगू का? आणि पहिलं खरं आहे म्हणून सांगतेय, की आई आहे म्हणून? दोन्ही बाजूंनी विचार केला. दोन्हीकडून नाक लालच होईल असं वाटतं.

१८ जानेवारी, रविवार

आईला सगळं सांगितलं, पातळ तेलाचंसुद्धा. ती मेथी निवडत होती.

"मंग शेठला बी सगळं सांग. पातळ त्याल सांग, आन् रोज पहिली पट्टी मारून बघायला कुनीतरी लागतं ते बी सांग."

"कुनीतरी म्हणजे तूच असं नाही ना पण. ते नव्या मुलीलाही शिकवता येईल म्हणतील."

"म्हनू दे की." काड्या वेगळ्या केल्या. "शिकवायचं म्हनलं तर शिकवनारीला हुबं ऱ्हावं लागंल का बसून शिकवता येतंय?"

१९ जानेवारी, सोमवार. सकाळी, तपासणीच्या टेबलाशीच

पिशवीत पंच आणि हातोडी. शेठ अजून आलेले नाहीत. त्यांची गाडी नेहमी या वेळेला येते.

आज गारठा जास्त. आईने पायडलला हात लावून नमस्कार केला, पहिली पट्टी मारली, भोकावरून बोट फिरवलं. मूठ थोडी सैल. दुसरी पट्टी. मग पाकिटातून लाल टिकली काढून कॉकवर लावली. शनिवारच्या जागेपासून बोटभर डावीकडे.

मी बघत होते. म्हणाली, "हिथं मारायची का खूण?"

"आत्ता इथं. दुपारी नाही."

"मंग दुपारी विचार."

गेटपाशी हॉर्न वाजला. स.भाईंनी लेथ बंद केलं नाही, पण मान वळवली. आईने तिसरी पट्टी ठेवली. सगळं सांगायचं, पातळ तेलाचंसुद्धा, असं ठरवून मी पिशवी घेऊन उठते आहे.